डबा आधी, मग आर्क्टिक

'गेट्स ऑफ द आर्क्टिक' हे अलास्कातलं राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटल्यावर मी मनातल्या मनात बाकं आणि भेळेची गाडी मांडून मोकळा झालो होतो. सिअ‍ॅटलच्या पुतण्याने फोनवर ती उचलून नेली. "काका, तिथे रस्ता नाही. पायवाटसुद्धा नाही." नऊ गोवे मावतील एवढा मुलूख, सगळा आर्क्टिक वृत्ताच्या वर. जायचं छोट्या विमानाने, नाहीतर उद्यानाबाहेरच्या हमरस्त्यावर उतरून पायी, वाटेतल्या नद्या ओलांडत.

नद्यांचं पुढे बघू. आमचं घोडं डब्यापाशी अडलं आहे. तिथे खाणं न्यायचं ते अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यातच. पुतण्याने मापं कळवली आणि हिने माळ्यावरून तेवढाच डबा काढून तालीम सुरू केली. मेतकूट, भडंग, लसणाची चटणी आत गेली. चकल्या बाहेर राहिल्या.

"मोडून भर की."

"मोडलेली चकली कुणापुढे ठेवू?"

"अगं, तिथे आहे कोण? अस्वल!"

"म्हणून काय झालं?"

त्यात हवा बिघडली तर विमान न्यायला येत नाही, म्हणून जास्तीचा शिधा हवा. शिवाय वास येणारं सगळंच डब्यात: टूथपेस्ट, साबण, माझं गुडघ्यांचं तेल. तेल मात्र बाहेरच ठेवावं असं हिचं मत. त्या वासाला अस्वल फिरकणार नाही, हा तिचा संसारातला अनुभव.

शेजारचे विचारतात, "तिथे पॉइंट किती?" अहो, पॉइंट नाहीत म्हणूनच जायचंय! बॉब मार्शल नावाचा एक अमेरिकन भटक्या तिथे हिंडला, नदीच्या दोन काठांवरचे दोन डोंगर बघून त्याने 'आर्क्टिकचे दरवाजे' असं नाव दिलं, आणि १९८० साली उद्यान झालं. तरी आजही तिथे कठडा नाही की पाटी नाही. प्रत्येक सहलीत आम्हाला कुणीतरी "चला, दहा मिनिटं झाली" म्हणून हाकललंय. हिचा सूर्यास्त नेहमी अर्धा राहतो, गाडीच्या मागच्या काचेतून मान वळवून बघते बिचारी. एकदा तिला तो पुरता दाखवायचाय.

पुतण्या म्हणतो, जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही.

छोट्या विमानात सामानाबरोबर माणसांचंही वजन धरतात, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. कळलं तर चकल्या जातील आणि मी राहीन.