वैराग्याची रंगीत आवृत्ती

हार्डकोर म्हणजे काय, हे आईला सांगणं सोपं होतं: दोन मिनिटांचं गाणं, त्यात पावणेदोन मिनिटं बोंबाबोंब. अवघड होता तो 'शेल्टर' हा बँड. दारू नाही, मांस-मच्छी नाही, गळ्यात तुळशीची माळ आणि गाणी कृष्णभक्तीची, हे ऐकल्यावर आई म्हणाली, "अरे, मग ओरडतात कशाला? चांगले माळकरी आहेत की!"

'शेल्टर'चा गायक रे कॅपो हा आधी न्यूयॉर्कच्या 'यूथ ऑफ टुडे'चा म्होरक्या. अमेरिकेतल्या क्लबांत अल्पवयीन पोरांना दारू मिळू नये म्हणून दारावरच त्यांच्या हातावर फुली मारत. दारू-सिगारेट वर्ज्य मानणाऱ्या 'स्ट्रेट एज' पोरांनी तीच फुली मिरवायला घेतली. कॅपो त्याहून पुढे गेला, थेट हरे कृष्ण पंथात. त्याच वळणाच्या दुसऱ्या एका बँडचं नाव तर '१०८', जपमाळेच्या मण्यांइतकं. मी न्यू जर्सीत शिकायला आलो तो घरच्या सोवळ्याओवळ्याला कंटाळून. बंड करावं म्हणून या मंडळींना धरलं, तर यांचा चातुर्मास बारमाही. कांदा-लसूणसुद्धा बंद!

'शेल्टर'चा 'मंत्र' हा अल्बम १९९५ साली आला. तेव्हा तो सीडीवर झिजवला आणि आता पन्नाशीत त्याची एलपी मागवली. जुन्या रेकॉर्डींच्या जाहिराती स्थळांच्या जाहिरातींसारख्याच वाचाव्या लागतात. 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर गृहीत धरा. 'नियर मिंट' म्हणजे फोटो जुना आहे. त्यात रंगीत प्लास्टिकची मोजकी आवृत्ती निघाली की किंमत दुप्पट, आवाज तोच. आसक्ती सोडा सांगणाऱ्या रेकॉर्डसाठी मी मध्यरात्री बोली लावत बसतो, यात विसंगती आहे हे मला कळतं. पण ज्या 'रेव्हेलेशन रेकॉर्ड्स'च्या रंगीत आवृत्त्यांवर संग्राहक तुटून पडतात, ती कंपनी १९८७ मध्ये काढणाऱ्या दोघांपैकी एक हाच कॅपो. म्हणजे संन्यास घ्यायच्या आधी स्वामींनी आमच्या मायेची व्यवस्था लावून ठेवली होती.

रेकॉर्ड मात्र अजून झकास वाजते. गिटारी करवतीसारख्या कापत येतात आणि ध्रुवपद आलं की पाय आपोआप उचलले जातात. तिथेच घोळ आहे. अमेरिकेतली घरं लाकडी. उडी मारली की जमीन हलते, जमीन हलली की सुई तीन खाचा ओलांडून पुढच्या कडव्यात. त्यामुळे जे संगीत अंगावर अंग आदळत ऐकायचं, ते मी मांडी घालून, श्वास रोखून, डोळे मिटून ऐकतो. बाजू संपली की उठून उलटतो. गुडघे तेवढे बोंबलतात, तेही तालात. विशीत कॅपोने कितीही कानीकपाळी ओरडून जमलं नव्हतं, ते ध्यान आता टर्नटेबलाने लावलं.

सध्या 'शेल्टर'च्याच १९९३ च्या 'अटेनिंग द सुप्रीम'वर डोळा आहे. रंगीत प्रत मिळाली तर हवीच. बायकोकडे विषय कसा काढावा, याचा जप चालू आहे.