ती किंमत नव्हेच!

परदेशी संकेतस्थळावर घड्याळ दिसतं. रुपयांत मोजलं तर दहा हजार. तेच इथल्या दुकानात पंधराला. बोट लगेच पुढे सरसावतं. पाच हजारांचा फरक कुणी आपल्यासाठी राखून ठेवला असेल का, हा प्रश्न पार्सल सहारला उतरल्यावर पडतो.

तोवर कार्डातून पैसे गेलेले असतात.

मग मोबाइलवर निरोप येतो. आधार किंवा पॅन पाठवा, ड्युटी भरा, मगच पार्सल सुटेल. रक्कम बघून माणूस दारात आलेल्या कुरियरवाल्या पोरावर ओरडतो. त्याचा काय दोष? पावती त्याच्या हातात आहे, कायदा 1962 चा आहे.

त्या पावतीवरचा हिशेब एकदा स्वतः करून बघा. घड्याळावर मूळ सीमाशुल्क 20 टक्के, आयजीएसटी 18 टक्के. आपण मनात 38 धरतो आणि 3,800 बाजूला काढतो. इथेच फसतो. शुल्क नुसत्या घड्याळावर लागत नाही, भाडं आणि विमा मिळवून जी किंमत होते तिच्यावर लागतं. विमा किरकोळ म्हणून सोडू, भाडं दोन हजार धरू. झाले 12,000. त्यावर 20 टक्के, म्हणजे 2,400. या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, 240. आता तिन्हींची बेरीज करा, 14,640. आणि या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी, 2,635. एकूण भरायचे 5,275.

शुल्कावर अधिभार, आणि दोन्हींवर पुन्हा कर.

दहा हजारांचं घड्याळ दारात येईपर्यंत सव्वासतरा हजारांचं झालं. दुकानातलं पंधराचं होतं, त्याच्याबरोबर वॉरंटी होती आणि बिघडलं तर भांडायला समोर माणूस होता.

बरं, एवढ्यावर सुटका नाही. तुमच्या वतीने शुल्क आधी भरल्याबद्दल कुरियर कंपनी आपलं शुल्क लावते आणि त्यावर जीएसटी. बँक परकीय चलनाचा आकार लावते आणि त्यावरही जीएसटी. डॉलरचा भाव बँकेचा वेगळा, सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला वेगळा.

एक नियम मात्र ग्राहकाच्या बाजूचा आहे. माल विमानाने आला असेल तर भाडं प्रत्यक्षात कितीही असो, शुल्क मोजताना ते मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. तुमच्या पावतीत तसंच धरलंय का? बघितलं कुणी?

2026 च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली की वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवरचा दर 20 वरून 10 टक्क्यांवर येणार. लोक खूश झाले. पण शुल्काच्या तक्त्यातलं ते कलम, 9804, पुढपर्यंत वाचायला हवं. टपालाने किंवा विमानाने आलेला माल, असं ते म्हणतं आणि कुरियरने आलेला माल वगळतं. कुरियरच्या पार्सलातल्या प्रत्येक वस्तूला तिचा तिचा दर. आता सांगा, परदेशातून मागवलेलं तुमचं गेलं पार्सल कशाने आलं होतं?

पुस्तकांचंच बघा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. सीमाशुल्कही नव्हतं, ते 2019 च्या अर्थसंकल्पाने पाच टक्के बसवलं. ज्या देशात विद्यापीठांच्या ग्रंथालयांना नव्या परदेशी पुस्तकांसाठी पैसे पुरत नाहीत, तिथे पुस्तकावर शुल्क लावून नेमकं कुणाचं संरक्षण झालं?

मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो: गिफ्ट म्हणून मागव. हा सल्ला शिळा झालाय. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती. परदेशी, मुख्यतः चिनी, खरेदी अ‍ॅपवाल्यांनी विकलेला मालच भेटवस्तू म्हणून पाठवायला सुरुवात केली आणि डिसेंबर 2019 मध्ये सरकारने ती वाट बंद केली. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा नाही. अ‍ॅपवाल्यांनी लबाडी केली, आणि न्यू जर्सीच्या मावशीने भाचीला पाठवलेल्या स्वेटरवर पूर्ण शुल्क बसलं.

दुसरा शहाणा म्हणतो, विक्रेत्याला बिलावर किंमत कमी लिहायला सांग. जरूर सांगा. अधिकाऱ्याला शंका आली तर ती किंमत नाकारून तो स्वतः किंमत ठरवू शकतो, वर दंड. आणि पार्सल वाटेत गहाळ झालं तर भरपाई त्याच खोट्या आकड्याने मागायची.

वस्तू आवडली नाही, परत पाठवली. दुकानदार वस्तूचे पैसे देईल. शुल्काचं काय? कायद्यात सोय आहे. न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत परत निर्यात केला, तर कलम 74 खाली 98 टक्के शुल्क परत मिळतं. त्यासाठी आलेली वस्तू हीच, हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे आणि निर्यातीचे कागद रंगवले पाहिजेत. बुटांच्या एका जोडासाठी हे करणारा माणूस कुणी पाहिलाय?

आता कुणी म्हणेल, कर नकोच. मी म्हणणार नाही. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार तोच माल आयात करताना शुल्क भरतो, गाळ्याचं भाडं देतो, दोन पोरांना पगार देतो. संकेतस्थळावरच्या गिऱ्हाइकाला करमाफी देऊन त्याचं दुकान बंद पाडणं हा न्याय नाही. कर घ्या. पण आकडा पैसे भरण्याआधी सांगा.

हा आकडा कुणालाच माहीत नसतो, म्हणून तर चोरांचं फावतं. ‘कस्टममधून बोलतोय, तुमचं पार्सल अडकलंय, या खात्यात पंधरा हजार टाका.’ शिकलेसवरलेले लोक टाकतात. शुल्क किती लागतं, कोण घेतं, कुठे भरायचं, हे कधी कुणी समजावलेलंच नसतं. सीमाशुल्क खातं फोन करून खासगी खात्यात पैसे मागत नाही. खात्याच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. फसलात तर 1930 ला फोन लावा, तोही लगेच. पण ही माहिती आपल्यापर्यंत पोचते ती शेजारी फसल्यावरच.

आधी सांगणं जमत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्या देशांसाठी काढून टाकली. आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली. फराळ करून परदेशी पाठवणाऱ्या बायकांचा ऐन हंगाम, भाजणी दळून तयार, आणि खिडकी बंद. सेवा 15 ऑक्टोबरला सुरू झाली, लक्ष्मीपूजन 21 ला. त्या दिवाळीला टपालाने निघालेली चकली वेळेत पोचायची कशी? पण सेवा सुरू झाली ती नव्या पद्धतीने. अमेरिकेतलं शुल्क पाठवणाऱ्याकडून इथेच, बुकिंग करतानाच घ्यायचं. घेणाऱ्याच्या दारात पावती नाही, भांडण नाही.

म्हणजे परक्या देशाचा कर पोस्टाच्या खिडकीवर आधी मोजता येतो. काही मोठी परदेशी दुकानंही आयात शुल्क बिलातच धरून दाखवतात. मग बाकीच्यांना काय अडचण आहे? भारतात माल पाठवणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याच्या पानावर, पैसे भरायच्या बटणाच्या वर, दारात पडणारी पूर्ण किंमत रुपयांत छापलेली हवी. ग्राहक व्यवहार खात्याने ही सक्ती करावी, आणि या वर्षीच करावी.