साहित्य आणि कृती

साहित्य : कोरे कागद अर्धा रीम, चहा लागेल तसा, संपादकांचा फोन एक. फोन साधारण आषाढात येतो. "पंधरा ऑगस्टपर्यंत कथा द्या हं," असे ऐकताच "हो" म्हणून टाकावे. कथा सुचलेली नसणे ही अडचण मानू नये. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचे आर्थिक वर्ष आषाढातच सुरू होते.

कृती : पहिले दोन आठवडे टेबल आवरावे. खणात जुन्या रिफिली निघतील, त्या एकेक चालवून पाहाव्यात आणि चालणाऱ्या व न चालणाऱ्या अशा दोन ढिगांत लावाव्यात. घरातले "लिहिताय ना?" विचारतील. चिडू नये. "मनात जुळवतोय" म्हणावे. (आमच्याकडे गृहपाठाचे विचारले की मुलगीही आता हेच सांगते.)

थोरांचे स्मरण जपून करावे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली, हे आठवले की आपल्या हाताशी अजून वीस दिवस आहेत असा हिशेब होतो आणि माणूस आडवा होतो. त्यापेक्षा म्हाइंभट बरे. चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या-त्याच्याकडून मिळवायला ते गावोगाव हिंडले, तेव्हा कुठे 'लीळाचरित्र' उभे राहिले. आपल्याला फक्त कोपऱ्यावर जायचे असते.

माझ्या कथेत एक इस्त्रीवाला होता. 'इस्त्री तापली का ते त्याने पाहिले' इथे गाडी अडली. कसे पाहिले? तीन दिवस घरात बसून कल्पनाशक्तीला ताण दिला. शेवटी दोन शर्ट घेऊन गेलो. रिकाम्या हाताने जाऊ नये, माणूस संशयाने बघतो. तासभर पायरीवर बसलो. त्याने इस्त्री उचलून गालाजवळ नेली, क्षणभर थांबला, मग तिचे झाकण उघडून निखाऱ्यांवर फुंकर घातली. राख माझ्या चष्म्यावर आली. घरी येऊन अकरा पाने फाडली आणि त्या जागी चार ओळी लिहिल्या. चौदा ऑगस्टच्या रात्री त्यातल्याही दोन कापल्या. राहिलेल्या दोन वाचताना कोणी थांबेल अशी आशा ठेवू नये.

पंधरा तारीख म्हणजे खरी एकतीस, हे संपादकांना माहीत असते आणि आपल्यालाही. तरी पंधरालाच पाठवावी. संपादक घाबरतात, मजा येते.

अंक आला की एक प्रत इस्त्रीवाल्याला द्यावी. त्याने कथा उभ्या-उभ्या, ओठ हलवत, पूर्ण वाचली. मी चष्मा पुसत थांबलो.

"ब्येस लिवलंय," तो म्हणाला. "पन तुमी दगडी कोळसा लिवलाय सायेब. इस्त्रीला लोणारी लागतो."