उजनी धरणावर रोहित पक्षी कसे पाहावेत : नवशिक्यांसाठी

गजर पहाटे दोनचा लावा. सोलापूरहून भिगवण दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि उजाडताना कुंभारगावच्या काठावर पोहोचायचंय. आपल्या नळाला चार-चार दिवस न येणारं पाणी इथे कसं ऐसपैस पसरलंय, ते पाहून घ्या. चिडायला वेळ नाही, होडी थांबलीय.

आता भाड्याची घासाघीस. ‘मासे धरायची तर होडी, एवढे कसले?’ असं सुरू करावं. मात्र त्याआधी नावाड्याला गाव विचारू नका. 1980 च्या सुमारास धरण भरलं आणि भीमाकाठची कितीतरी शेतं-घरं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून डोकं वर काढतं. ‘आमचं रान इथं खाली हाय,’ म्हणून त्याने होडीखालीच बोट दाखवलं, तर पन्नास रुपये कमी करा म्हणायला जीभ रेटत नाही.

होडीत बसल्यावर दर दोन मिनिटांनी ‘जरा जवळ घ्या की’ म्हणावं. तो इंजिन बंद करेल. समोर रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळत असतील. त्या खाण्यातूनच पंखांना गुलाबी रंग चढतो. हे बघायचं सोडून रीलसाठी ‘उडवा की!’ असं ओरडा. नावाड्याला नेमकं तेव्हाच ऐकू येत नाही. थवा उठून पलीकडे गेला, तर मागच्या होडीला काय दाखवायचं? दिवाळीनंतरचे चार-पाच महिने घरची चूल या पक्ष्यांवरही चालते, हे त्याला कुणी फलक लावून शिकवलेलं नाही.

याउलट आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. तिथे पक्ष्याच्या नावाने शेतकऱ्याच्या जमिनीचे व्यवहार अडले, गावाच्या हाती फारसं काही पडलं नाही. आता माळढोक दिसला तर बातमी होते. माझ्या मते चूक पक्ष्याची नाही, शेतकऱ्याचीही नाही.

जेवण गावातल्याच घरी, आदल्या दिवशी सांगून. चिलापीचं कालवण, भाकरी. पनीर मागू नका.

सुटे पैसे न्या. कुरव पक्ष्यांना टाकायला फरसाण मात्र नेऊ नका.