मुंबईचा किनारा आणि माणचा पादचारी

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माण या गावाला समुद्रकिनारा नाही, ही बाब निर्विवाद असली तरी गावाचा समुद्राशी संबंधच नाही असे म्हणता येत नाही. कारण तालुक्यातून वाहणारी मुळा पुढे मुठेला, मग भीमेला आणि भीमेबरोबर कृष्णेला मिळून अखेरीस बंगालच्या उपसागरात पोचते. घाट उतरला की अरबी समुद्र समोर असताना नदीने उलट दिशेने आडवा देश ओलांडून दुसराच समुद्र गाठावा, हा मार्ग माणच्या रहिवाशांना मानवलेला दिसत नाही. समुद्र पाहायचा ठरला की ते सरळ मुंबईला जातात आणि तेथील किनारा, त्यालगतच्या बागा व प्रेक्षणीय स्थळे पायी पाहण्याचा संकल्प सोडतात.

या भ्रमंतीचा आरंभ रूढीनुसार गेटवे ऑफ इंडियापासून होतो. ही कमान ज्याच्या आगमनाप्रीत्यर्थ उभारली तो सम्राट पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये येऊन गेला, कोनशिला १९१३ मध्ये बसली आणि जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार इमारत १९२४ मध्ये पुरी झाली; म्हणजे पाहुणा जेवून हात धुऊन गेल्यावर दाराचे काम सुरू झाले. तथापि हा खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही, कारण फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच दारातून बाहेर पडली. कमान पिवळसर बेसॉल्टची आहे. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला सह्याद्रीचा नेहमीचा दगड, आणि तो शेताच्या बांधापासून घराच्या जोत्यापर्यंत पाहिलेला असल्यामुळे माणचा प्रवासी कमानीपेक्षा शेंगदाणेवाल्याकडे अधिक लक्ष देतो.

तेथून नरिमन पॉइंट गाठल्यावर मुंबईच्या स्वभावातील एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. या भागातील पुष्कळशी जमीन भरावाची आहे. भराव म्हणजे समुद्रात बांध घालून, आत माती-दगड ओतून मिळवलेली जमीन. १९२० च्या दशकातील बॅकबे भराव योजनेत खर्च फुगला, काम रखडले आणि खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी त्या कारभाराची लक्तरे चव्हाट्यावर आणली. त्यावरून एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटलाही भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. पुढे याच किनाऱ्यावर आणखी भराव पडला, त्यावर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्या टोकाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा शहराने ते नरिमन यांचे दिले. टीकाकाराला कायमचे गप्प बसवण्याचा याहून सभ्य मार्ग अन्य कोणत्या शहराला सुचल्याचे ऐकिवात नाही.

नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो, आणि येथेच पायी भ्रमंतीच्या कल्पनेला पहिला तडा जातो. किनाऱ्याला सलग कठडा असून त्यावर बसण्यास तिकीट नाही, वेळेची मर्यादा नाही आणि उठवण्यास कोणी येत नाही. त्यामुळे चालावयास आलेला मनुष्य शंभर पावलांत बसतो, आणि कठड्याच्या लांबीचा विचार करता मुंबईचे सर्वांत मोठे उद्यान हे बाकच आहे असे प्रतिपादन करता येईल. कठड्याखाली टेट्रापॉड, म्हणजे लाटांचा जोर मोडण्यासाठी टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, पसरलेले असतात. चार पाय असूनही ते जागचे हलत नाहीत, आणि त्यांच्या सहवासात दोन पायांच्या प्राण्यावरही तोच परिणाम होतो.

चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी निधन पावलेल्या लोकमान्यांवर येथेच अंत्यसंस्कार झाले. तेथे नमस्कार होतो, नंतर भेळ होते आणि नंतर मलबार हिलचा चढ लागतो. मुंबईकर या उंचवट्याचा उल्लेख ज्या आदराने करतात तो ऐकून ताम्हिणी घाटाच्या परिसरातील मनुष्य अचंब्यात पडतो, कारण त्याच्या हिशेबी हे टेकाड असून त्यावर गुरे का चरत नाहीत एवढाच प्रश्न उरतो. माथ्यावरचे हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान, १८८१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर साकारले. मुळशीत धरणामुळे गावांवर पाणी आले, येथे पाण्यावर बाग आली. समोरच्या कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट आहे. इंग्रजी बालगीतातील बुटात राहणाऱ्या म्हातारीवरून तो सुचला. जोडीतला दुसरा बूट कोठे आहे याचा खुलासा कोठेही आढळत नाही, परंतु स्वतःच्या बुटाने टाच सोललेल्या पादचाऱ्याला त्या म्हातारीविषयी आपुलकी वाटू लागते.

टेकाड उतरून पुढे गेल्यावर लागणारी, हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. भरती-ओहोटीचे चक्र चंद्राच्या आकर्षणामुळे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने काल मोकळी असलेली वाट आज त्याच घटकेला मोकळी असेलच असे नाही, आणि चंद्राशी हुज्जत घालता येत नसल्यामुळे पुन्हा बसणे आले.

वरळीचा किनारा उरकून परतीच्या बससाठी दादरकडे वळल्यावर सेनापती बापट मार्ग लागतो. पूर्वी हा तुळशी पाइप रोड होता, कारण तुळशी तलावाचे पाणी नेणारा नळ येथून जात असे. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही उपाधी मिळाली ती मुळशी सत्याग्रहामुळे. टाटांच्या धरणात जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तो १९२१ मध्ये सुरू झाला. धरण झालेच. त्याचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरून कुंडलिका नदीवाटे अरबी समुद्राला मिळते आणि वीज मुंबईकडे जाते. धरणाविरुद्ध तुरुंगात गेलेल्या माणसाचे नाव मुंबईने पाणी नेणाऱ्या नळाच्या रस्त्याला दिले, यावरून नरिमन हा अपवाद नव्हता एवढे सिद्ध होते. हीच पद्धत पुण्याने स्वीकारल्यास वाकडला उतरून हिंजवडीच्या कोंडीत अडकलेल्या, आणि बसच्या खिडकीतून त्या कोंडीचा सर्वांत मोठ्याने उद्धार करणाऱ्या माणच्या प्रवाशाने आपल्या नावाच्या चौकाची मानसिक तयारी ठेवलेली बरी.