टॅक्स क्लास कुठला?

नाना तुमच्याही मंडळात असतील. जर्मनीत गणपतीला दहा-बारा मराठी घरं जमली की कोपऱ्यात मांडीवर फाइल घेतलेले एक नाना असतातच. आमचे श्टुटगार्टचे. नवं जोडपं आलं की बायका उखाण्याचा आग्रह धरतात, आणि नाना विचारतात, "टॅक्स क्लास कुठला?"

आमच्या हिने मळमळतंय म्हणून पुरणपोळी परत केली, तर नाना माझ्या कानाशी. "चार-चार? अरे, तिचा तीन करून घे, उद्याच!" आम्ही अजून आईलाही सांगितलं नव्हतं. पण नानांचं गणित पक्कं. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी रजा घेतल्यावर मिळणारा सरकारी भत्ता, ठरतं हातात पडणाऱ्या पगारावर, साधारण ६५ टक्के, महिना जास्तीत जास्त १८०० युरो. तीनच्या क्लासात पगारातून कर कमी कापतात, हातात जास्त पडतं. मात्र बाळंतपणाची रजा लागायच्या किमान सात महिने आधी क्लास बदललेला हवा, आणि रजा लागते तारखेच्या सहा आठवडे आधी. "म्हणजे दोन रेघा दिसल्या की पहिला फोन फिनान्सआम्ट या कर-कचेरीला, दुसरा आईला."

बारशाला आत्याने कानात कुर्र केलं. नाना पाळण्यावर वाकले. "काय रे, नंबर आला का?" आला होता! इथे जन्माची नोंद झाली की ११ आकडी कर-क्रमांक पोस्टाने घरी येतो. लोकांनी वाळे आणले, अंगडी-टोपडी आणली. नानांनी लाइट्झची जाडजूड फाइल आणली, पाठीवर बाळाचं नाव चिकटवून.

मग मोदकांवरून शिकवणी. "हे किंडरगेल्ड, मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता, २०२५ साली महिना २५५ युरो. हा मुलाचा फ्रायबेट्राग, दोघांचा मिळून त्याच साली ९६००, तेवढ्या उत्पन्नावर कर नाही. दोन्ही मोदक मिळायचे नाहीत हं! फिनान्सआम्ट स्वतःच तोलून बघतं. फ्रायबेट्रागने जास्त वाचत असेल तर तो देतं, पण आधी खाल्लेला मोदक हिशेबात धरतं." एवढं बोलून दोन्ही मोदक स्वतः खाल्ले.

"एल्टर्नगेल्ड तरी करमुक्त ना?" मी.

"करमुक्त. पण तुझ्या पगारावरच्या कराचा दर चढवतं. पैसे बाजूला ठेव."

मी ठेवले नाहीत. पुढच्या वर्षी भरणा करायचं पत्र आलं. नानांनी ते चष्मा कपाळावर सरकवून, जुन्या वैद्याने नाडी बघावी तसं वाचलं आणि "हं," म्हणाले. त्या 'हं'साठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. हप्ते मागायचं पत्र मात्र रात्री अकरापर्यंत बसून त्यांनीच लिहून दिलं.

यंदा गणपतीत त्यांच्या मांडीवर फाइल नव्हती. मुलगी हँबुर्गला शिकते. गेल्या महिन्यात २५ची झाली, किंडरगेल्ड थांबलं. "पैशांचं काय एवढं," नाना म्हणाले. "पण दर महिन्याला खात्यात तिच्या किंडरगेल्डची ओळ दिसायची. ती स्वतः फोन करतेच असं नाही."

तेवढ्यात एक नवी जोडी आली. तिने पेढा नको म्हटलं, त्याने हळूच तिच्यासाठी खुर्ची ओढली. आम्ही सगळे नानांकडे बघत राहिलो. नाना समईची वात सारखी करत होते.

शेवटी मीच उठलो. "अभिनंदन," म्हणालो. "टॅक्स क्लास कुठला?"