आपण कुठं शर्यत लावलीय!

संभाजीनगरच्या जालना रोडवर रोज सकाळी आठच्या सुमाराला एक शर्यत होते. तिला पंच नाहीत, झेंडा नाही, ढाल नाही. भाग घेणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा, तो म्हणेल, "कसली शर्यत? ड्यूटीला चाललोय." हे एवढं वाक्य बोलायला ज्याला दोनदा दम घ्यावा लागतो, तो आपला मामा.

नाव सांगण्यात अर्थ नाही. मराठवाड्यात कानाजवळचे केस पिकले की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे परस्पर मामा करून टाकतात. हे मामा पदमपुऱ्यात राहतात आणि चिकलठाणा एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. जनरल शिफ्ट. घरात मुलाची मोटरसायकल आहे, नाक्यावर शेअर रिक्षा मिळते, पण मामा सायकल सोडत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "तब्येतीला बरी." तब्येतीला बरं असणारं काम करताना माणसाचा चेहरा इतका लाल होत नाही.

सायकल ॲटलसची. काळी, दांडीची, मागे कॅरिअर, कॅरिअरला ट्यूबच्या रबराने आवळलेला डबा. उजव्या पायाच्या पँटला क्लिप, गळ्यात दस्ती. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीने साहिबाबादचा आपला मोठा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद केला, आणि ३ जून म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन. मामांना ही बातमी कुणीतरी चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. मामा म्हणाले, "कंपनी थांबली. आपली गाडी कुठं थांबलीय?" आणि उरलेला चहा बशीत ओतून एका घोटात संपवला, कारण समोरून एक ओळखीचा कॅरिअर पुढे निघून गेला होता.

आता मामांची विद्या. कुणाला मागे टाकायचं तर पहिला नियम असा की त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारून जाताना नजर दुकानांच्या पाट्यांवर ठेवायची, जणू टायरचा भाव बघायचाय. त्याच्या बरोबरीला आलं की श्वास कोंडायचा. हँडलवर वाकायचं नाही. वाकला तो उघडा पडला! ताठ बसून, गुडघ्यांचं जे काय चाललंय त्याच्याशी कमरेच्या वरच्या भागाचा काही संबंध नाही अशा थाटात पुढे सरकायचं. चार-पाच दुकानं गेली, माणूस मागे पडला, की मग साठवलेला श्वास एकदम सोडायचा. या क्षणी मामांच्या शेजारून जाणारा स्कूटरवाला दचकतो.

मागे पडण्याचीही रीत आहे, आणि माझ्या मते मामांची खरी कला तिथे दिसते. कुणी पुढे गेला की मामा सावकाश बाजूला होतात, उतरतात आणि चेनकडे बघतात. चेन जागेवर असते. मग मागच्या टायरवर अंगठा दाबून बघतात. हवा भरपूर असते. तरी मान हलवतात. एवढ्यात पुढचा दिसेनासा होतो आणि प्रकरण निकाली निघतं. अगदीच अटीतटीच्या वेळी मोबाईल कानाला लावतात. वाजलेला नसतो.

संध्याकाळी घरी कुणी काही विचारत नाही, पण मामा स्वतःलाच कैफियत देतात. सगळ्यात भक्कम सबब पाण्याची. या शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून, आणि नळाला येतं ते काही दिवसांआड, त्यातही रात्री-अपरात्री. "आज पाणी होतं, दीडला उठलो," एवढं म्हटलं की संभाजीनगरात उलटतपासणी संपते. खुद्द न्यायाधीशाच्या घरीही त्या रात्री कुणीतरी उठलेलंच असतं.

दुसरी सबब सूर्य. ही मात्र खरी आहे. जालना रोड पूर्व-पश्चिम. चिकलठाण्याला जाताना सकाळचं ऊन डोळ्यांत, परत येताना संध्याकाळचं ऊनही डोळ्यांत. उलट वाळूजला जाणाऱ्याच्या पाठीवर दोन्ही वेळा. मामा म्हणतात, वाळूजवाल्यांशी आपली तुलनाच नको. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि दुचाक्या जोडणारे कितीतरी हात घरून निघताना सायकलच्या मुठींवर असायचे. त्या रस्त्यालाही शर्यती झाल्या असणार, पण मामांच्या दफ्तरी त्यांची नोंद नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. तो सकाळी मामांना पाठीमागून ढकलतो तेव्हा त्यांना अजिबात जाणवत नाही. संध्याकाळी तोच वारा तोंडावर आला की लगेच जाणवतो, आणि महानगरपालिकेवर राग निघतो.

कोण धरायचा आणि कोण नाही, याचं मामांचं शास्त्र पक्कं आहे. शाळेची पोरं धरायची नाहीत, त्यांना हाडं नसतात. क्लासला निघालेल्या मुली तर मुळीच नाहीत, मग त्या तिघी गप्पा मारत, एका रांगेत, मामांना दोन्ही बाजूंनी वळसा घालून का जाईनात. दोन्हीकडे कॅन लावलेला दूधवाला पुढे गेला तर तो विचार करण्याचाच विषय नाही. गियरच्या सायकलवरचा हेल्मेटवाला तरुण, हाही तसा धरायचा नाही. "त्याच्या पायात काय आहे? गियर ओढतात." पण हाच तरुण एकदा मुकुंदवाडीच्या अलीकडे थांबून पाणी पीत होता आणि मामा पुढे गेले. तो विजय मात्र रीतसर धरला.

उरतात चाचा.

चाचा शहागंजकडून येतात आणि मोंढा नाक्याला जालना रोडवर दाखल होतात. वेल्डिंगचं काम, पांढरी दाढी, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. दोघांना एकमेकांचं नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही. मागच्या मडगार्डवरचा पोचा मात्र अंधारातही ओळखतील. चाचांची चाल संथ दिसते आणि ती फसवी आहे. मामा जीव तोडून आकाशवाणीपर्यंत पुढे काढतात, सिग्नल लाल होतो, आणि दहा आकडे शिल्लक असताना चाचा शेजारी येऊन एक पाय टेकतात.

"कायकू भागरे मामा? कंपनी कईं जारी क्या?"

"ब्रेकच नै लगरे चाचा," मामा दस्तीने कपाळ पुसत म्हणतात.

त्यांच्या शर्यतीत सौजन्यही आहे, आणि तेही शस्त्र म्हणून वापरलं जातं. रमजानमध्ये मामा जोर लावत नाहीत. चाचांचा रोजा. चाचा मात्र रोजा असताना असे काही निघतात की मामांना वाटतं, आपली सवलत त्यांना कळली आणि ती त्यांनी परत केली. मग श्रावण येतो. सोमवारी चाचा मुद्दाम मागे राहतात. "तुमारा उपास है ना, आराम से." मामांना हा अपमान इतका लागतो की साबुदाण्याच्या बळावर ते मुकुंदवाडीपर्यंत मान वर करत नाहीत.

पण सगळा कस लागतो सेव्हन हिलच्या उड्डाणपुलावर. जालना रोडवर असे पूल आहेत आणि प्रत्येकापाशी सायकलवाल्याला ठरवावं लागतं की वरून की खालून. खालून सपाट, पण चौकात अडकणार. वरून चौक टळतो, पण चढ मांड्यांतून वसूल होतो. बाकीचे लोक त्या दिवशीचा उशीर बघून ठरवतात. मामांच्या मते हा प्रश्न अब्रूचा आहे, आणि खालून जाणं म्हणजे हार लिहून देणं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे त्यांनी कधीतरी पेपरात वाचलंय. सेव्हन हिलचा पूल हा घाट नव्हे, हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही आणि मीही सांगणार नाही. रविवारी गटागटाने दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जाणारे, फोटो काढणारे, केळी खाणारे सायकलवाले त्यांना पटत नाहीत. "हौसेला चालवायलेत. वेळेवर पोचायचं टेन्शन नाही, मग त्यात काय?"

गेल्या दिवाळीनंतर भाच्याने मामांच्या मोबाईलमध्ये स्ट्राव्हा टाकून दिलं. जगभरचे सायकलवाले त्यावर आपले रस्ते नोंदवतात, आणि एखाद्या तुकड्यावर सर्वांत वेगवान असेल त्याला मुकुट मिळतो. मुकुट म्हटल्यावर मामा ऐकून घेत होते. दुसऱ्या दिवशी आकडा आला. सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर.

मामा बराच वेळ मोबाईल उलटा-सुलटा करत राहिले.

भाच्याने जखमेवर मीठ म्हणून माहिती पुरवली. एडी मर्क्स नावाच्या बेल्जियन माणसाने १९७२ साली मेक्सिको शहरात एका तासात ४९.४३१ किलोमीटर काटले होते.

"त्याच्या मागं डबा होता का?" मामांनी विचारलं.

"नव्हता."

"म्हैस आडवी आली होती?"

"मामा, ते गोल मैदानात होतं."

"मग सांग की तसं," मामा म्हणाले. "आणि तुझं हे यंत्र सिग्नलला उभं राहिलेला वेळ पण धरतंय की काय कोणास ठाऊक. चाचा कधी सिग्नल धरत नाहीत."

तरी रात्री झोप लागली नाही. प्रश्न मर्क्सचा नव्हताच. हे यंत्र आपल्याकडे आलं तसं चाचांकडेही आलं असेल तर? त्यांना नातवंडं आहेत, नातवंडांना मोबाईल कळतात. चाचांचा आकडा १५ असला तर इतक्या वर्षांचा हिशेब एका फटक्यात चुकता व्हायचा, तोही कागदोपत्री.

सकाळी मामा मोंढा नाक्याला चक्क थांबून राहिले. चाचा आले. आकाशवाणीपर्यंत दोघे शेजारी-शेजारी गेले, जे पूर्वी कधी घडलं नव्हतं. लाल सिग्नलला मामांनी हवापाण्याचं बोलावं तसं विचारलं, "चाचा, मोबाईल कौनसा वापरते तुम?"

चाचांनी खिशातून काढून दाखवला. बटणांचा. मागचं झाकण रबराने बांधलेलं.

मामांना इतकं बरं वाटलं की हिरवा दिवा लागला तरी ते जागचे हलले नाहीत. मागचे हॉर्न वाजवू लागले तेव्हा भानावर आले. त्या दिवशी सेव्हन हिलला पोचल्यावर मामांनी, चाचांच्या देखत, खुशाल सायकल पुलाखाली घातली.

चाचा वरून गेले.